अर्ध्या सुताची बंदी

१२ मे, सोमवार. गिरणीचा वरचा दगड उतरवून मी टाकी मारायला बसले होते. दगडाच्या खाचा झिजल्या की ज्वारी दळली जात नाही, नुसती चेंगरते. पीठ चटका बसेल इतकं गरम येतं आणि बायका डब्यात बोट घालून माझ्याकडे असं बघतात, की जणू मीच ते चावून दिलं आहे. म्हणून गिरणी बंद ठेवून छिन्नी-हातोडी चालू होती. तेवढ्यात दारात आप्पा उभे राहिले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, एका हातात भस्माच्या डबीचं झाकण आणि दुसऱ्या हातात पिस्तूल.

"शरणार्थ, इंदूबाई. दोन थेंब तेल द्या."

घाबरायचं कारण नाही. आमच्या गल्लीत कुणीच घाबरत नसे. गुरुलिंगप्पा, म्हणजे आमचे आप्पा, दर सोमवारी गिरणीच्या मोटारीला घालायचं तेल न्यायला असेच यायचे. "महादेवाला बेल, पिस्तुलाला तेल," असं म्हणायचे. नवरा गेल्यापासून गिरणी मीच चालवते, तेव्हापासून या तेलात खंड नाही.

पण त्या सोमवारी मी हातोडी खाली ठेवली. "आप्पा, उद्या सकाळी दहाच्या आत हे ठाण्यात जमा करायचंय ना? मग तेल कशाला?"

"जमा करायचं कोनी सांगितलं?"

"सरकारनं."

"मंग तेल सरकारला मागा म्हनता का?" असं म्हणून त्यांनी झाकण पुढे केलं.

मी तेल दिलं. न देऊन उपयोग नव्हता. ते तिथेच उभे राहिले असते, आणि एका हातात पिस्तूल घेऊन उभा असलेला म्हातारा गिऱ्हाइकांना बरा दिसत नाही.

आता हे प्रकरण सुरुवातीपासून सांगते.

लातूर जिल्हा तेव्हा नवाच झालेला. जिल्हा आला, त्याच्यामागून साहेब आले, साहेबांमागून जीपगाड्या आल्या. पाऊस तेवढा यायचा राहिला. आडांचे तळ दिसायला लागले होते. गल्लीत टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीने. माझ्याकडे दळायला यायची ती बहुतेक रेशनची ज्वारी, तिच्यात खडे इतके की दगड झिजायचं मूळ कारण तेच. अशा दिवसांत लोकांना करमणूक म्हणून एक नवा जिल्हा होता आणि एक आप्पा होते.

आप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान. आता पुतण्या बघतो. आयुष्य खिळे, बोल्ट, बिजागऱ्या मोजण्यात गेलेलं, त्यामुळे ते जग सुतात मोजायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाकर ताटात पडली की, "अक्का, आज दीड सूत झाली गं." अक्का म्हणजे त्यांच्या बायकोच, महादेवी, सगळी गल्ली अक्का म्हणते म्हणून तेही म्हणायचे. गावात कुणाचा ताप उतरला तर, "दोन सूत कमी हाय आज." माझ्या मुलीला नांदेडचं स्थळ आलं तेव्हा मुलगा बघून आले आणि म्हणाले, "पोरगा बरा हाय. नाक सूतभर वाकडं हाय, पन त्यानं संसार अडत न्हाई." अडला नाही.

पिस्तूल त्यांच्या वडिलांचं. खरं म्हणजे ते रिव्हॉल्व्हर. गल्लीने 'पिस्तूल' म्हटलं की आप्पा दर वेळी सुधारायचे आणि पुढच्याच वाक्यात स्वतःही पिस्तूलच म्हणायचे. वडील उदगीरच्या बाजारातून वसुली घेऊन बैलगाडीने यायचे, वाटेत रान, म्हणून निजामाच्या काळात परवाना काढलेला. कागद उर्दूत. त्या माणसाने आयुष्यात एकच गोळी झाडली, तीही हवेत. आवाजाने गाडीची देवणी बैलांची उमदी जोडी अशी उधळली की गाडी उलट्या दिशेने थेट उदगीरला जाऊन थांबली. बैलांना परत आणायला दुसरा दिवस गेला. तेव्हापासून पिस्तूल गप्प.

आप्पांच्या हातात तर ते बोलायचा प्रश्नच नव्हता. ते मुंगी ओलांडून जायचे. घरात उंदीर निघाला तर आप्पा खाटेवर आणि अक्का झाडू घेऊन खाली. गल्लीतली पोरं विचारायची, "आप्पा, चालतं का हो ते?"

"चालतं की."

"चालवून दाखवा."

"दाखवायची चीज न्हाई ती."

"मंग दर सोमवारी हातात घेऊन का फिरता?"

"तुमाला दाखवत न्हाई. त्याला गाव दाखवून आनतो."

नवा जिल्हा झाल्यावर सगळ्या परवान्यांची नव्याने तपासणी निघाली. जुने कागद वाचून घेतले गेले, हत्यारं मोजून बघितली गेली, आणि आप्पांचं रिव्हॉल्व्हर अडतीस बोअरचं निघालं, म्हणजे नळीचं भोक इंचाच्या अडतीस शतांश, आप्पांच्या भाषेत तीन सूत. कायद्याने बत्तीस बोअरला, म्हणजे अडीच सुताला, परवाना मिळतो. अडतीस, पंचेचाळीस, नऊ एम.एम. ही लष्कराची-पोलिसांची मापं, ती घरात ठेवायला बंदी. पाहिजे असेल तर परवानगी थेट दिल्लीहून. निजामाच्या परवान्याच्या वेळी ही भानगड नव्हती. जमादार घरी येऊन हुकूम वाचून गेला: हत्यार ठाण्यात जमा करा.

आप्पा तसेच उठून माझ्या गिरणीवर आले. तिथे डब्यांची रांग, रांगेमागे बायका, म्हणजे आयती सभा.

"ऐका! अडीच सुताला परवाना, तीन सुताला बंदी! अर्ध्या सुतावर मानसाचं इमान ठरवून राहिलं हे सरकार!"

"हळू बोला आप्पा, पट्टा चालू आहे, तुमचं धोतर जाईल," मी म्हटलं.

"धोतर जाऊ द्या. मला सांगा, अडीच सुताच्या गोळीनं मानूस काय गुदगुल्या होऊन मरतो का?"

बायका हसल्या. मी हसले नाही, कारण माझं मत ठरलेलं होतं आणि मी ते सांगितलं. घरात असली वस्तू असू नये, मग ती कितीही सुतांची असो. भांडण कुठल्या घरात होत नाही? आमच्या घरात झालं तेव्हा लाटणं हाताशी होतं म्हणून लाटण्यावर भागलं. सगळी बंद करता येत नसतील तर निदान मोठी तरी करा. पोळी करपली म्हणून अख्खा तवा फेकत नाही, पण करपलेली पोळी तर काढतोच की आपण.

"आन् चोर?" आप्पांनी विचारलं. "चोर जातो का परवाना काढायला? बंदी कुनाला, तर जो रांगेत उभं ऱ्हाऊन कागद करतो त्याला. चोराला कायबी न्हाई!"

"चोराकडं जे असतं ते कुठून येतं आप्पा? तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी घरातून उचललेलं."

"माझ्या घरात चोर येईलच कसा? पिस्तूल हाय म्हनल्यावर?"

"ते न्यायलाच येईल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराला दुकानातून आणलेली आणखी एक कडी ठोकलेली दिसली. त्या दाराला आधीच कडी, कोयंडा, साखळी आणि आडणा होता. एवढं लोखंड आमच्या गल्लीत फक्त माझ्या गिरणीला आणि आप्पांच्या दाराला. संध्याकाळी ते लवकर लागायचं, आणि एकेक कडी लावताना आप्पा मोठ्याने बोलून लावायचे: "ही लागली. ही बी लागली." आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माणसं स्वतःशी बोलतात.

मग टँकरचा दिवस आला. वरच्या गल्लीने नळी आधी ओढली. आमच्या गल्लीतला माधव, ज्याला पुढेमागे निवडणुकीला उभं राहायचं आहे म्हणून तो सारखा ओरडत असतो, तो ओरडायला लागला. घागरी आपटल्या, कुणाची तरी कॉलर धरली गेली. तेवढ्यात माधव पळत आप्पांच्या ओसरीवर आला.

"आप्पा, काढा ते! नुसतं दाखवा, बाकी आमी बघतो!"

आप्पा ओसरीवर बसले होते. उठलेसुद्धा नाहीत. "ते पान्यासाठी न्हाई."

"अवो, गल्लीचा सवाल हाय!"

"ते गल्लीसाठीबी न्हाई."

"मंग कशासाठी हाय? पुजायला?" माधव भडकला. "आज न्हाई तर कधी काढनार? नुसता तोरा! सरकार नेतंय तेच बरं हाय!"

ज्या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं, तो खाली बघत बसला. मला ते विचित्र वाटलं, पण तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. मी टँकरपाशी गेले आणि गिरणीवर करते तेच केलं. गिरणीवर माणसांची रांग मी कधी लावत नाही, डब्यांची लावते. माणसं भांडतात, डबे भांडत नाहीत. सगळ्यांना घागरी खाली ठेवून चार पावलं मागे व्हायला लावलं. मग एक घागर वरच्या गल्लीची, एक आमची, एक वरची, एक आमची. माधवची घागर मी मुद्दाम शेवटी ठेवली. पाणी सगळ्यांना पुरलं असं नाही, पण कमी सगळ्यांनाच सारखं पडलं.

येताना आप्पांना म्हटलं, "बघितलंत? पिस्तुलाशिवाय झालं."

"झालं. पन ते माझं पिस्तूल नसल्यामुळं झालं का असल्यामुळं, ते कोन ठरवनार?"

असा माणूस. याच्याशी वाद घालणं म्हणजे पाखडलेली ज्वारी पुन्हा पाखडणं.

हुकमाची मुदत जवळ आली तसा मीच पुढाकार घेतला. गिरणीच्या परवान्याचं माझंही काम नव्या कचेरीत होतं, म्हटलं चला आप्पा, साहेबाला एकदा भेटून येऊ. कचेरीच्या पाटीचा रंग अजून ओला वाटत होता. साहेब तरुण, सांगलीकडचा. त्याने आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी देणं ही मोठी गोष्ट होती.

आप्पांनी कोटाच्या खिशातून दोन बोल्ट काढून टेबलावर ठेवले. एक अडीच सुताचा, एक तीन सुताचा.

"साहेब, ह्यातला गुन्हेगार कोनता हाय, तेवढं सांगा."

मला वाटलं, आता हाकलतोय हा आम्हाला. पण साहेबाने दोन्ही बोल्ट उचलून नीट बघितले. मोठ्या बोल्टावरचं नट फिरवून काढलं आणि लहान बोल्टावर घातलं. ते सरळ घसरून टेबलावर पडलं.

"आप्पा, ह्याचं नट त्याला का बसत नाही?"

"बसंल कसं? माप येगळं हाय."

"तेच आहे कायद्यात. शिपायाची गोळी तीन सुताची. उद्या कुठून चोरीला गेली, तर ती गावातल्या कुठल्याच घरात, कुठल्याच हत्यारात बसू नये. एवढ्यासाठी बंदी. माणूस चांगला का वाईट, ते मोजायचं यंत्र सरकारकडं नाही हो. भोक मोजायचं आहे. मग जे मोजता येतं ते मोजतात."

आप्पांनी ते नट उचलून स्वतः लहान बोल्टावर घालून बघितलं. मग त्यांनी नट जागेवर चढवलं, दोन्ही बोल्ट खिशात टाकले.

"साहेब, एवढ्या वर्षांत हे मला कुनी सांगितलं न्हवतं. सोळा आने पटलं. नट-बोल्टातलं शहानपन हाय ह्यात."

"मग जमा करताय ना?"

"न्हाई."

साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"आप्पा, पटलं म्हणालात ना?"

"पटलं की. पटनं येगळं, देनं येगळं."

साहेबाचा आवाज मग सरकारी झाला. मंगळवारी सकाळी दहापर्यंतची मुदत, नंतर गुन्हा. बंदीच्या हत्याराचा गुन्हा साधा नसतो, जामिनालाही त्रास होतो, आणि या वयात तुरुंग सोसायचा नाही. त्याने हे सगळं चांगल्या शब्दांत सांगितलं. आप्पा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "गाडी पाठवा. मला लई चालवत न्हाई."

परत येताना वाटेत मी चार पावलं पुढेच चालत राहिले. रागच आला होता मला. जो पटत नाही म्हणून अडतो त्याच्याशी बोलता येतं. पटूनही अडणाऱ्याशी काय बोलायचं?

हे सगळं होऊन मग तो सोमवार उजाडला, तेल घेऊन आप्पा गेले आणि माझं लक्ष दगडावरून उडालं. टाकी वाकडी पडायला लागली. दुपारी जमादार गल्लीत येऊन गेला. उद्या दहाला येतो, म्हाताऱ्याला समजवा, असं मलाच सांगून गेला. दिवेलागणीला मी हात धुतले आणि सरळ आप्पांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले. माझा आवाज मोठा आहे. गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून झालेला, आता तो लहान होत नाही.

"आप्पा, उद्या तुम्हाला बेड्या घालून नेणार. पुतण्या दुकान सोडून वकिलाकडं पळणार. अक्कांकडं कोण बघणार? एका लोखंडाच्या तुकड्यासाठी? माधवनं विचारलं तेच मी विचारते. कशासाठी आहे ते?"

आप्पांनी तोंडावर बोट ठेवलं, आत बघितलं आणि मला ओसरीच्या टोकाला नेलं.

"हळू बोला वो बाई. तिला सांगितलं न्हाई मी."

मग त्यांनी सांगितलं. सुतात नाही, सरळ सांगितलं.

अक्कांचं माहेर देवणीकडचं खेडं. त्या लहान असताना घरावर दरोडा पडला. आईने त्यांना मागच्या दाराने काढून कडब्याच्या गंजीत ढकललं. रात्रभर त्या आत होत्या. "बापाचा आवाज ऐकला म्हनती. मंग ऐकला न्हाई." पुढे लग्न होऊन या घरात आल्या, त्या रात्री झोपेचं नाव नाही. भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसून राहायच्या. असं किती दिवस चाललं. शेवटी सासऱ्याने काही न विचारता पिस्तूल आणून सुनेच्या उशाखाली ठेवलं. म्हणाले, पोरी, घरात हत्यार हाय, झोप. आणि त्या झोपल्या.

"तवापासून उशाखालीच. रात्री उठती, चाचपती, विचारती, 'हाय का?' मी म्हनतो, 'हाय.' की परत झोपली."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या?" आप्पा चिडले. "मी काय येडा हाय का, बायकूच्या उशाखाली भरलेलं पिस्तूल ठेवायला? बा वारल्याबरोबर सगळ्या सरकारजमा केल्या."

म्हणजे सरकारच्या कितीतरी आधी या माणसाने आपल्या घरापुरती बंदी घातली होती. आणि गल्लीत, गिरणीवर, कचेरीत कायद्याशी भांडत होता.

"मग हे आधी कुणाला सांगायचं नाही?"

"काय सांगू? गुरुलिंगप्पाची बायकू भिती म्हनून? लोक मला येडा म्हनत्यात, म्हनू द्या. तिला न्हाई म्हनायचं कुनी." मग म्हणाले, "परवा दुसरं करून बघितलं. नळाचा तुकडा, त्याच फडक्यात गुंडाळून ठिवला. वजनबी जुळवलं. तिनं हात लावला, बोलली कायबी न्हाई. उठून बसली, दाराकडं तोंड करून. उजाडस्तोवर."

"कुनाला बेड्या घालनार म्हनली गं तू?"

आवाज आतून आला. दारात अक्का उभ्या होत्या, कमरेवर हात. मी सांगितलं ना, माझा आवाज लहान होत नाही.

आप्पा म्हणाले, "कुनाला न्हाई."

"तुमाला इचारलं न्हाई. इंदू, सांग."

मी सगळं सांगितलं. हुकूम, मुदत, तुरुंग. ऐकून अक्का आप्पांवर अशा उखडल्या की शेजारच्या ओसरीवरचं बोलणं थांबलं.

"घरात एवढं चालून राहिलंय आन् मला पत्ता न्हाई? तुमाला नेल्यावर त्या पिस्तुलाला काय चाटू मी? द्या ते! आत्ताच्या आत्ता द्या!"

"आन् रात्री?" आप्पांनी हळूच विचारलं.

अक्कांचे कमरेवरचे हात खाली आले. अंधार पडायला लागला होता. त्यांनी दाराकडे बघितलं, मग त्यावरच्या एवढ्या सगळ्या कड्यांकडे.

मला असल्या वेळी गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "मी झोपते इथं ओसरीवर. माझ्या घरी तरी कोण आहे? दारातून कुणी आत येणार असेल तर आधी मला ओलांडावं लागेल."

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझ्याजवळ काय हाय?"

"काही नाही."

"घोरतीस का?"

"लोक म्हणतात."

"लई घोरती," आप्पांनी मध्येच साक्ष दिली. "उन्हाळ्यात गल्ली बाहेर झोपती तवा ऐकतो की आपन. गिरनी बंद झाली म्हनून कळतच न्हाई."

अक्का जरा विचारात पडल्या. "घोरनं चालू हाय तवर मानूस हाय, असं समजायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "ये. वाकळ घेऊन ये तुझी. आमच्याकडं जादा न्हाई."

पिस्तूल आप्पांनी फडक्यात बांधून बाहेर माझ्या उशाशी ठेवलं. रात्री आतून हाक आली, "इंदू, हाय का?" मी म्हटलं, "हाय." पुन्हा आली, पुन्हा म्हटलं. किती वेळा ते मोजलं नाही. पहाटेकडे हाका थांबल्या.

सकाळी उठून मी खिडकीच्या गजांतून आत डोकावले. अक्का भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. पाठ दाराकडे होती. आप्पा कोट-टोपी घालून खाटेच्या पायथ्याशी बसले होते, ठाण्यात जायला तयार, आणि जागचे हलत नव्हते. मी खूण केली, चला. त्यांनी मानेने नाही म्हटलं आणि दाराच्या कड्या दाखवल्या. त्या काढताना वाजतात. शिवाय ती उठली आणि समोर मी नसलो तर, असं त्यांनी ओठांनीच सांगितलं. डोळे भरून आले होते म्हाताऱ्याचे. मी तिकडे बघायचं टाळलं.

मी माझी वाकळ घडी करून त्यांच्याच ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. फडक्याचं गाठोडं दळणाच्या पिशवीत टाकलं आणि भर बाजारातून चालत ठाण्यात गेले. जमादार नुकताच टेबलाशी बसत होता. मी पिशवीतून गाठोडं काढून त्याच्यासमोर सोडलं.

तो खुर्चीसकट मागे सरकला. "अवो बाई! आप्पा कुठायत?"

"घरी."

"ज्याचा परवाना त्यानंच आनायचं असतं. तुमाला हातबी लावता येत न्हाई. बंदीचं हत्यार, आन् तुमी इनापरवाना घेऊन गावातनं फिरून राहिल्या? गुन्हा हाय हा, ध्यानात येतं का?"

"येतं. मी बंदीच्याच बाजूची आहे. लिहा माझ्यावर काय लिहायचं ते. पण आधी हे ताब्यात घ्या आणि पोच आप्पांच्या नावानं द्या."

"अन् म्हातारा का येत न्हाई? त्याला काय झालं? माझा शिपाई पाठवून उचलून आनतो की."

मी समोरची खुर्ची ओढून बसले. गिरणीचा दगड अजून जमिनीवर पडला होता आणि दारात डबे लागले असणार होते, पण पोच घेतल्याशिवाय मी उठणार नव्हते.

"पोचेवर सही करा आधी," मी म्हटलं. "आणि शिपाई पाठवायचा असेल तर दुपारनंतर पाठवा. बुटांचा आवाज होतो."